आधी पाणी, मग काठ: मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाबाबत पुणे महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय सभासद,
पुणे महानगरपालिका

महोदय,

संगमापासून मुंढव्याच्या पुलापर्यंत मुळा-मुठेच्या दोन्ही काठांवर राहणारे आणि रोज त्या वाटेने ये-जा करणारे आम्ही काही नागरिक हे पत्र आपणांस जाहीरपणे लिहीत आहोत. नदीकाठ सुधार प्रकल्पाला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, याविषयी आमच्यातही एकमत नाही. कुणाला संध्याकाळी पाय मोकळे करायला सलग, सुरक्षित वाट हवी आहे. कुणाला वाटते की नदीच्या काठाला माणसाने हातच लावू नये. हे मतभेद मिटवून मग लिहू असे ठरवले असते, तर हे पत्र कधीच लिहून झाले नसते. मात्र एका मुद्द्यावर आमच्यापैकी कुणाचेही दुमत नाही. हे काम ज्या क्रमाने चालले आहे तो क्रम उलटा आहे, आणि काम रेंगाळण्याचे व काठ विद्रूप दिसण्याचे मोठे कारण हा उलटा क्रमच आहे, असे आमचे म्हणणे आहे.

६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन कामांचे भूमिपूजन एकाच दिवशी झाले. एक काम नदीकाठाचे, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरच्या पट्ट्यात १,०८० कोटींहून अधिक खर्चाचे. दुसरे नदीचे प्रदूषण रोखण्याचे, म्हणजे ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्याचे, ज्यांची एकत्रित क्षमता दिवसाला जवळपास ४० कोटी लिटर असेल. ही दोन कामे कागदावर जोडीने चालायची होती. प्रत्यक्षात मात्र काठाचे काम डोळ्यांना दिसणारे आणि छायाचित्रात येणारे असल्यामुळे सारी चर्चा, सारी घाई आणि सारा कौतुकसोहळा त्याच्याच वाट्याला आला, आणि जमिनीखालून जाणाऱ्या मैलापाणी वाहिन्या लोकांच्या नजरेआडच राहिल्या.

या दुसऱ्या कामाचा इतिहास थोडा तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण सभागृहात नव्याने आलेल्या अनेक सभासदांना तो माहीत असेलच असे नाही. या कामासाठीच्या कर्जाचा करार जपानच्या जायका या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेशी जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्या वेळी प्रकल्पाचा खर्च सुमारे ९९० कोटी रुपये होता. त्यातला ८५ टक्के वाटा केंद्र सरकारने उचलायचा होता, उरलेला महापालिकेने. आणि काम पूर्ण होण्याची मुदत होती जानेवारी २०२२. म्हणजे जे काम जानेवारी २०२२ मध्ये संपायचे होते, त्याचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले, आणि तोवर खर्च १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. निविदा काढणे, त्या रद्द करणे, पुन्हा काढणे, जागा ताब्यात घेणे यांतच ती वर्षे सरली. गणेशखिंडच्या वनस्पती उद्यानातील केंद्राच्या जागेचा प्रश्न तर कितीतरी काळ चिघळत राहिला. कुणा एका अधिकाऱ्याकडे किंवा पक्षाकडे बोट दाखवण्याचा आमचा हेतू नाही. एवढ्या वर्षांत खुर्च्यांवरची माणसे अनेकदा बदलली. परंतु या विलंबाचा जाब कोणत्या सभेत, कुणी, कुणाला विचारला, हे आम्हांला आजतागायत समजलेले नाही.

त्यातही एक गोष्ट अशी की, ही ११ केंद्रे आखली गेली तेव्हाचे पुणे आणि आजचे पुणे यांची हद्द एक नाही. २०१७ मध्ये ११ गावे महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली. त्या गावांतील सोसायट्या झपाट्याने वाढल्या आणि मैलापाणी वाहिन्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. तेथील सांडपाणी ओढ्यांतून नदीला मिळते, हे पाहण्यासाठी कोणत्याही तज्ज्ञ समितीची गरज नाही. ओढ्यावरच्या कुठल्याही पुलावर उभे राहिले की नाकाला ते कळते. २०१६ च्या हिशेबाने बांधलेली क्षमता आजच्या शहराला पुरेल का, याचे उत्तर काठाच्या पुढच्या टप्प्याची निविदा काढण्याआधी मिळायला हवे होते. ते अजूनही मिळायला हवे.

अहमदाबादचा दाखला आम्हांला वारंवार दिला जातो. आपल्या प्रकल्पाचा आराखडाही साबरमतीचा आराखडा करणाऱ्या अहमदाबादच्याच वास्तुरचनाकार संस्थेने केला आहे, त्यामुळे दाखला अप्रस्तुत आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो द्यायचाच तर पुरता द्यावा. साबरमतीच्या प्रकल्पासाठी १९९७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि काठ लोकांसाठी खुला झाला तो २०१२ मध्ये, तोही जेमतेम साडेअकरा किलोमीटर लांबीचा. आपण सगळे टप्पे मिळून ४४ किलोमीटरचा काठ हाती घेण्याचे ठरवले आहे आणि त्याचा खर्च ४,७०० कोटींच्या घरात सांगितला जातो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे असे की, साबरमतीच्या शहरातल्या पात्रात वर्षभर जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेले आहे. आपल्याकडे असे दुसऱ्या नदीचे पाणी आणून सोडण्याची सोय नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत साठलेले पाणी बंद जलवाहिनीने आणि कालव्याने शहराकडे व शेतीकडे जाते. पावसाळा संपला की खडकवासल्याच्या खाली मुठेच्या पात्रात धरणातून जवळजवळ काहीच सोडले जात नाही. तेव्हा मार्च ते मे या काळात लकडी पुलाखालून किंवा डेंगळे पुलाखालून जे वाहते, ते बहुतांश आपल्याच घरांतून निघालेले पाणी असते, काही शुद्ध केलेले, बरेचसे तसेच आलेले.

आता या पाण्याच्या दोन्ही अंगांना दगडी पिचिंग करून, पायऱ्या बांधून, दिवे लावून आपण लोकांना तेथे फिरायला बोलावणार आहात. मोरी तुंबलेली असताना दिवाणखान्याला रंग देणाऱ्या यजमानासारखे हे झाले. पाहुणे येतील, पण थांबणार नाहीत. आराखड्यात बंधारे घालून पाणी अडवण्याचा आणि नौकाविहाराचाही विचार आहे. अडवलेल्या अशुद्ध पाण्याचे काय होते, याचा अनुभव या शहराला नवा नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात बांधलेला बंधारा, ज्याच्यावरून बंडगार्डन हे नावच पडले, त्याच्या वरच्या अंगाला हिवाळा सरता सरता जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ती काढण्याचे ठेके निघतात, काढलेली जलपर्णी कधी काठावरच वाळत पडते, आणि पहिल्या मोठ्या विसर्गात उरलेली वाहून खाली जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर आणि खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे जे उंचच्या उंच लोट उठले, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. पुण्याच्या नदीची तेवढी प्रसिद्धी कोणत्याही संकल्पचित्राने केली नसेल. ज्या पट्ट्याजवळ हे घडले, तो काठ सुधारण्यासाठी निवडलेल्या पहिल्या टप्प्याला लागूनच आहे.

नदी मुंढव्याला संपत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीतून, उचललेले पाणी बेबी कालव्याने शेतीला जाते, उरलेली नदी रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, पुढे दौंड, इंदापूर ओलांडून उजनीत साठते, आणि उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. आमच्या काठावर दिवे किती सुंदर लागले याच्याशी त्या लोकांना काही देणेघेणे नाही. त्यांचा संबंध फक्त पाण्याशी येतो.

काठाच्या कामाची जी अवस्था आहे, तिच्याकडे आता वळतो. कोणतेही मोठे बांधकाम चालू असताना धूळ होणार, पत्रे लागणार, डंपर फिरणार, हे आम्हांला कळते. मेट्रोच्या कामाच्या वेळी पुणेकरांनी ते वर्षानुवर्षे सोसले आहे. तक्रार आहे ती तुकड्यातुकड्यांच्या अर्धवटपणाची. एका ठिकाणी दगडी बांधणी झालेली आहे, तर तिच्या पुढे मुरुमाचा उघडा भराव; एका ठिकाणी वाट तयार आहे, पण तिच्यावर उतरण्याचा रस्ता नाही; कुठे पत्र्यांच्या कुंपणाआड नेमके काय चालले आहे किंवा काही चालले आहे की नाही, हेच कळत नाही. पावसाळ्यात पात्रातले काम थांबवावेच लागते, ते योग्यच आहे, पण त्यामुळे वर्षातले जेमतेम सात-आठ महिने हाताशी उरतात. अशा वेळी अनेक तुकडे एकदम उकरण्यापेक्षा लहान लांबी घेऊन ती पावसाआधी पुरी करणे हे साधे व्यवहारज्ञान आहे. उघडा राहिलेला भराव पहिल्याच मोठ्या विसर्गात पात्रात उतरतो आणि नदीतला राडारोडा हटवण्यासाठी पुन्हा वेगळी तरतूद करावी लागते. त्या काठांवर पूर्वी वाळुंज, करंज, उंबर होते, येरवड्याच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात थंडीत पाहुणे पक्षी उतरत. त्या हिरवाईच्या जागी काही वर्षे नुसता मुरूम पाहावा लागणे ही किंमत लहान नाही. हजारो झाडांच्या तोडीच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर आले होते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राम-मुळा संगमाच्या परिसरासाठी पुन्हा आले. त्या प्रश्नाची बाजू इतरांनी आमच्यापेक्षा अधिक अभ्यासाने मांडली आहे, म्हणून येथे तिचा विस्तार करत नाही. एवढेच म्हणतो की, ज्या काठावरची सावली जाते तेथे नवी वाट लवकर आणि नीट मिळणे यामुळे निदान नुकसानीत आणखी भर पडणे टळले असते.

पुराचा प्रश्न मात्र आम्हांला टाळता येणार नाही, कारण तो जिवाचा आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांनी पाहिला, अशी माणसे आमच्या घरांतून आता थोडी उरली आहेत, पण त्या पुराच्या पाण्याच्या खुणा शहराने जपलेल्या आहेत. त्याहून अलीकडचा अनुभव २५ जुलै २०२४ चा. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. पाटबंधारे खात्याने मुठेची निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आखताना ६० हजार क्युसेकचा विसर्ग धरलेला आहे. म्हणजे निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा कितीतरी कमी पाण्याला शहराची ही दैना झाली. प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे आहे की काठ भरल्याने पात्र अरुंद होते. महापालिकेचे म्हणणे आहे की अडथळे काढल्याने पुराची पातळी उलट उतरेल. आम्ही जलशास्त्रज्ञ नाही. परंतु जुलै २०२४ नंतर प्रत्यक्ष मोजलेल्या पातळ्या घेऊन ही गणिते पुन्हा करण्यात आली का, केली असल्यास ती कुणी तपासली, आणि अर्धवट भरावाच्या अवस्थेत पूर आला तर काय होईल याचा हिशेब कुठे मांडला आहे का, एवढे विचारण्यासाठी जलशास्त्रज्ञ असावे लागत नाही. पूर्ण झालेल्या प्रकल्पाची पूरपातळी एक असेल. अर्ध्या झालेल्या प्रकल्पाची दुसरी असेल. आम्ही राहतो ते अर्ध्या प्रकल्पाशेजारी, आणि किती पावसाळे राहायचे आहे ते कुणी सांगत नाही. याच शहरात विठ्ठलवाडीपासून महामार्गापर्यंत नदीपात्रातून रस्ता बांधला गेला होता आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो काढायला लावला. आधी बांधायचे, मग न्यायालयात जायचे, मग उखडायचे, हा खर्च शेवटी करदात्याच्याच खात्यावर पडतो.

नव्या सभागृहाला उद्देशून थोडे स्वतंत्रपणे बोलू द्यावे. भूमिपूजन झाले त्यानंतर आठच दिवसांनी, १४ मार्च २०२२ रोजी, तेव्हाच्या सभासदांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे मुख्य सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती. प्रशासनानेच प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासकांनीच तो मंजूर करायचा, अशी व्यवस्था होती. ती कायद्यानुसार होती, तिच्या वैधतेविषयी आम्ही शंका घेत नाही. पण शहराच्या सर्वांत खर्चिक कामांपैकी एका कामाची प्रत्यक्ष उभारणी अशा काळात झाली की ज्या काळात त्यावर प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस सभागृहात नव्हता. नागरिक पत्रे देत राहिले, हरकती नोंदवत राहिले, मोर्चे काढत राहिले. त्यांची पोच मिळाली, क्वचित उत्तरही मिळाले. चर्चा झाली नाही. ती आता होऊ शकते, आणि म्हणूनच हे पत्र आज लिहिले आहे.

आमची मुख्य मागणी एकच आहे. ज्या लांबीत नदीला मिळणारे नाले आणि ओढे अडवून त्यांचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवले गेलेले नाही, त्या लांबीत काठाच्या नव्या कामाचा कार्यादेश देऊ नये. आणि सध्या उकरून ठेवलेला पट्टा लोकांसाठी पूर्णपणे खुला होईपर्यंत पुढचा पट्टा उकरू नये. याने प्रकल्प लांबेल, असे कुणी म्हणेल. तो लांबलेलाच आहे. फरक एवढाच पडेल की तोपर्यंत नदीचे उरलेले काठ जसे आहेत तसे, झाडांसह आणि मातीसह, शाबूत राहतील, आणि जो पैसा काठाच्या पुढील टप्प्यांसाठी ठेवला आहे त्यातला काही वाहिन्यांकडे आणि समाविष्ट गावांतील केंद्रांकडे वळवण्याचा निर्णय सभागृहाला घेता येईल. अंदाजपत्रकात एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात रक्कम वर्ग करणे ही महापालिकेला अवघड गोष्ट नाही. वर्गीकरणाचे प्रस्ताव दर वर्षी ढिगाने येतात.

या मागणीसोबत आम्ही माहितीही मागतो आहोत. प्रत्येक शुद्धीकरण केंद्र आज कोणत्या अवस्थेत आहे, ते रोज किती पाणी घेते आणि बाहेर सोडलेल्या पाण्याची तपासणी काय सांगते, हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर यावेत. केंद्राची क्षमता आणि केंद्रात प्रत्यक्ष येणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहिनी जोडलेली नसेल तर नवेकोरे केंद्रही रिकामेच फिरते, म्हणून नुसत्या क्षमतेचे आकडे देऊन आमचे समाधान करू नये. जुलै २०२४ च्या पुरानंतरचा पूरपातळीचा अभ्यास असेल तर तो मराठीत, नकाशांसह प्रसिद्ध करावा. नसेल तर तो त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावा, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी उघडे भराव कसे सुरक्षित करणार, हे त्या त्या क्षेत्रीय कार्यालयाने परिसरातील रहिवाशांना बोलावून सांगावे. भोजनाचा आणि सादरीकरणाचा कार्यक्रम नको, प्रश्नोत्तरांची बैठक हवी.

आणि शेवटी एक अगदी छोटे काम, ज्याला निविदेची गरज नाही. पत्र्यांच्या कुंपणावर आज संकल्पचित्रे लावलेली दिसतात, त्यांत निळेशार पाणी आणि हिरवळीवर खेळणारी मुले असतात. त्या चित्रांशेजारी एक साधा फलक लावावा. या तुकड्याची लांबी किती, मूळ मुदत कोणती होती, सुधारित मुदत कोणती, आतापर्यंत किती खर्च झाला, या लांबीत नदीला मिळणारे कोणते नाले अजून अडवलेले नाहीत, आणि जबाबदार अभियंत्याशी संपर्क कुठे साधायचा, एवढे त्यावर लिहावे आणि दर तीन महिन्यांनी ते बदलावे. पहिला फलक बंडगार्डनच्या पुलाजवळ लावावा. या मागण्यांवर मुख्य सभेच्या कोणत्या बैठकीत चर्चा होणार, ते आपण कळवावे. त्या दिवशी प्रेक्षक सज्जात आम्ही उपस्थित राहू.

कळावे.

आपले,
संगम ते मुंढवा नदीकाठचे काही रहिवासी